कॅन तीन वेळा विसळावा

(दुपार. न्हाणीघर. टबात कोमट पाणी आणि एक संतापलेलं पांढरं बदक.)

लेक : बाबा, मान काय धरताय तिची! पोटाखाली हात घाला. हं, असं. आता खरं सांगा, तळ्यात काय ओतलंत?

कंपाउंडर : ओतलं नाही गं. विसळलं.

लेक : काय विसळलं?

कंपाउंडर : तुझाच कॅन. मागच्या खेपेला तुमच्या कारखान्यातून आणून दिलास तो. फवारणीत मिसळायचं ते काय ते... स्प्रेडर.

लेक : अहो, पाच लिटर होतं त्यात!

कंपाउंडर : पाच लिटर नाही! ते मी छोट्या बाटल्यांत भरून ठेवलं, चिठ्ठ्या लावून. गुलाबांवर मावा पडलाय, तर पंपाला पाच मिली, अगदी मोजपात्राने. चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होतो मी, माझा हात चुकत नाही. कॅनच्या तळाशी जरा साकळलेलं होतं. पेलाभर असेल.

लेक : आणि ते तळ्यावर नेऊन विसळलंत.

कंपाउंडर : मग? आमच्या धंद्यात भांडं विसळल्याशिवाय ठेवत नाहीत. आणि तुमच्या कॅनवर छापलंयच की, तीन वेळा विसळावा म्हणून. मी सात वेळा विसळला.

लेक : सात!

कंपाउंडर : फेसच संपेना! विसळतोय, विसळतोय, फेस आपला येतोच आहे. मला वाटलं, काय दमदार माल बनवते आमची पोरगी. ऊर भरून आला होता माझा.

लेक : आणि ठमी?

कंपाउंडर : ती आली फेसातून पोहत, राणीसारखी. पाच-दहा मिनिटांनी बघतो तर मागची बाजू खाली. मग पोट खाली. मग नुसती मान वर आणि माझ्याकडे अशी बघतेय, की काय सांगू! पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरलो. पाणी निघालं कमरेएवढं.

लेक : बाबा, हसू का रडू मी?

कंपाउंडर : आधी मला सांग, बदक बुडतं कसं? जन्मात ऐकलं नाही मी असं.

लेक : कोबीच्या पानावर पाणी टाकलं की काय होतं?

कंपाउंडर : घरंगळतं. मोत्यासारखं.

लेक : औषधही तसंच घरंगळून जातं, म्हणून स्प्रेडर घालायचं. त्याच्या प्रत्येक कणाचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. मग पाणी पानाला चिकटतं, पसरतं.

कंपाउंडर : तुझ्या आत्यासारखं. एक हात सासरी, एक माहेरी.

लेक : बदकाचं पीसही त्या पानासारखंच, तेलकट. त्याच्यावर पाणी ठरत नाही आणि आत हवा राहते, म्हणून ते तरंगतं. तुम्ही तळ्यात स्प्रेडर सोडलंत, पाणी पिसांत शिरलं, हवा गेली. कळलं?

कंपाउंडर : कळलं. तरी बरं, मी लगेच शाम्पू लावला.

लेक : काय लावलंत?

कंपाउंडर : शाम्पू. अंगावर फेस होता ना, तो काढायला.

लेक : फेस काढायला फेस? बाबा! शाम्पू आणि हे एकाच जातीचं! होतं नव्हतं ते तेलही धुवून काढलंत तुम्ही. सरका. तो तांब्या द्या. आता नुसतं कोमट पाणी, फेसाचा ठिपका दिसेनासा होईपर्यंत.

कंपाउंडर : जगेल ना गं?

लेक : गारठली नाही तर जगेल. आईचा केस वाळवायचा ड्रायर आहे अजून?

कंपाउंडर : आहे. टाकवला नाही मला. आणतो... आणि हे बघ, तुझ्या चौथीच्या बाई चार वाजता येतील. बहिणीकडे गेल्यात दोन दिवस, ठमी माझ्यावर सोपवून. आपण सांगू, तिला सर्दी झालीय.

लेक : बदकाला? सर्दी?

कंपाउंडर : मग पडसं म्हणू.

लेक : सरळ सांगा की झालं ते. एवढं काय घाबरायचं?

कंपाउंडर : तुझी आई गेल्यापासून या फाटकातून रोज आत येणारं माणूस एकच आहे. येतात, पायरीवर बसतात, माझ्या गुलाबांना नावं ठेवतात आणि जातात. त्या बोलायच्या थांबल्या तर मी बोलू कोणाशी? कॅनशी?

लेक : ...आणा ड्रायर.

बाई : फाटक उघडंच आहे, म्हणून सरळ आत आले. लवकरची गाडी मिळाली. कंपाउंडर, ठमी कुठाय? आणि तळ्यावर पांढरं काय तरंगतंय?

कंपाउंडर : या, या बाई! ठमीला ना... जरासं...

लेक : बाबा.

कंपाउंडर : ...सर्दी नाही झालेली. मी बुडवली तिला. म्हणजे मुद्दाम नाही. फवारणीतल्या स्प्रेडरचा कॅन तळ्यात विसळला, त्याने तिची पिसं भिजली. मग शाम्पू लावला. तोही मीच. बोला आता काय बोलायचं ते.

बाई : अगं बाई! ठमे! काय ही तुझी दशा! नुसतं फडकं झालंय पोरीचं!

लेक : चार-पाच दिवस घरात, उबेत ठेवा बाई. चोचीने तेल लावून घेईल ती पिसांना, मग तरंगेल. पण सध्या तळ्यात सोडू नका.

बाई : तू हेच बनवतेस ना तिकडे?

लेक : हो.

बाई : कॅन बघू. चष्मा... हां. 'पिकांसाठी सुरक्षित.' 'कॅन तीन वेळा विसळावा.' हे कोणी लिहिलं?

लेक : मी.

बाई : चौथीत असताना तुझे निबंध मी तपासायचे. तेव्हाही तू घाईत असायचीस. विसळून ते पाणी कुठे टाकायचं?

लेक : पंपात, फवारणीच्याच पाण्यात. पण ते... ते सगळ्यांना माहीत असतं, असं धरून चालतो आम्ही.

बाई : कंपाउंडरना नव्हतं माहीत. आणि ते तर लेबल वाचणारे. न वाचणारे किती असतील?

लेक : कारखान्यात आम्हाला औषधाचीच धास्ती, बाई. ते विषारी, त्याची चाचणी, त्याला लाल खूण. हे बापडं त्याच्या सोबत जाणारं. पिसाला काय होतं, माशाच्या कल्ल्याला काय होतं, हे कोणी विचारलंच नाही. मीही नाही विचारलं. नवीन लेबलं उद्या छापायला जायचीत. आज फोन करून थांबवते. साहेब ओरडतील.

कंपाउंडर : ओरडू दे. माझं नाव सांग. म्हणावं, आमच्या घरात सात वेळा विसळणारा माणूस आहे.

बाई : तुम्ही गप्प बसा. तो तांब्या द्या इकडे, मी घालते पाणी. तुमच्या हातून आता एक थेंब नको.

कंपाउंडर : रागावलात?

बाई : मग काय आरती ओवाळू? परवा जाताना तळ्याकाठी बेडकांची पिल्लं बघून गेले होते. काळी काळी, शेपटीवाली, शंभर तरी असतील. आत्ता येताना वाकून बघितलं. एक हललं नाही.

लेक : बाई, त्यांची कातडी फार नाजूक असते...

बाई : कळलं मला.

कंपाउंडर : बाई, मी पाणी बदलतो. सगळं उपसतो, बादलीने.

लेक : आणि उपसून ओतणार कुठे, बाबा?

कंपाउंडर : ...हे बरोबर आहे.

लेक : काही करू नका. फेस काढू, नवीन काही सोडू नका, बाकीचं तळं हळूहळू पचवील. वेळ लागेल. पाऊस येईल, कुठून तरी बेडूकही येतील.

बाई : किती वेळ?

लेक : खरंच सांगता येत नाही, बाई.

बाई : बेडूक ओरडल्याशिवाय ठमी त्या पाण्यात जाणार नाही. सांगून ठेवते.

कंपाउंडर : मी रोज संध्याकाळी काठावर बसून ऐकतो. ओरडले की लगेच तुमच्याकडे सांगायला येतो.

बाई : आणि नाही ओरडले तर?

कंपाउंडर : तर तेही सांगायला यावं लागेल ना, बाई. रोज.