कानसेनचा जोडीदार

(पाचव्या मजल्यावरच्या घराची बाहेरची खोली, दुपार. बायको, आणि तिच्या नवऱ्याचा कामावरचा जोडीदार. नवऱ्याला जाऊन तीन आठवडे झालेत.)

जोडीदार : म्हणून म्हणतो वहिनी, उद्याच्या शोकसभेत बोलायला दुसऱ्या कुणाला तरी उभं करा. मी खुर्च्या मांडतो, माइक लावतो, लोकांच्या चपला सांभाळतो हवं तर. पण बोलायचं तेवढं मला सांगू नका.

बायको : आधी बसा. पाच मजले चढून आलात, धड श्वास घेता येत नाहीये.

जोडीदार : लिफ्ट कधीपासून बंद आहे?

बायको : दोन महिने होतील. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घरची लिफ्ट बंद, सगळी बिल्डिंग हसायची. ह्यांना म्हटलं, तुम्हीच बघा ना जरा. तर म्हणाले, ती चालू होती तेव्हासुद्धा बेसूरच होती, गप्प आहे तेच बरं.

जोडीदार : त्याचंच बोलणं हे! अहो, एका बारा मजली इमारतीत मी दोन तास लिफ्टच्या खड्ड्यात उतरून खरखर कुठली ते शोधतोय. कपडे ग्रीसनं बरबटलेले. हा आला, भिंतीला कान लावला आणि म्हणाला, ‘तिसऱ्या मजल्यापाशी रूळ घासतोय.’ उघडून बघतो तर तिसऱ्याच मजल्यापाशी. त्या दिवशी आमच्या साहेबांनी त्याचं नाव कानसेन ठेवलं. मग खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं.

बायको : मग हेच बोला की उद्या. किती छान सांगताय.

जोडीदार : हे बोलेन हो. हे तासभर बोलेन. पण पोरगी म्हणते, ‘काका, बाबा कसे गेले ते तुम्हीच सांगायचं, तुम्ही शेजारी होतात.’ कार्ड छापलंय तिनं. बघितलंत?

बायको : बघितलं. ‘सूर ऐकता ऐकता सुरांतच मिसळून गेले.’ तीन आठवडे दुसरं काही ऐकलेलं नाही मी. भाग्यवान माणूस, असं मरण कुणाला मिळतं. समोरच्या बाई तर म्हणाल्या, हेवा वाटतो. एकोणपन्नासाव्या वर्षी गेलेल्या माणसाचा हेवा! मी दार लावून घेतलं.

जोडीदार : लोकांना काय बोलावं सुचत नाही.

बायको : लोकांचं सोडा. हे सगळ्यात आधी कोण म्हणालं, आठवतंय? हॉस्पिटलच्या व्हरांड्यात. ‘वहिनी, ऐकता ऐकता गेला. जरासुद्धा त्रास झाला नाही.’

जोडीदार : मीच म्हणालो.

बायको : तुम्हीच. तिथून ते गावभर झालं. आता भाऊजी, मी बारा वर्षं लॅबमध्ये लोकांचं रक्त काढते. डॉक्टरांना काय विचारायचं ते मला कळतं. मी विचारलं. ते म्हणाले, दुखणं निदान अर्धा तास आधी सुरू झालेलं असणार. शर्ट पिळून काढावा इतका घाम होता. मैफिलीत तुमचं कोपर त्यांच्या कोपराला लागत होतं. कार्यक्रम दहाला सुरू झाला, रुग्णवाहिकेला तुम्ही फोन केलात अकरा चाळीसला. मधला अर्धा तास कुठे गेला?

जोडीदार : अंधार असतो तिथं.

बायको : सकाळी?

जोडीदार : पडदे ओढतात. दिवे बारीक करतात. एकदा वाजवायला सुरुवात झाली की दारंसुद्धा लावून घेतात, मध्ये कुणाला आत सोडत नाहीत.

बायको : बाहेर तर सोडतात ना?

जोडीदार : सोडतात.

बायको : मग?

जोडीदार : वहिनी, मी अकरा वर्षं त्याच्याबरोबर जात होतो. महिन्यातला एक रविवार, चौथी रांग, मधल्या दोन खुर्च्या. तिथं आवाज सगळ्यात नीट येतो म्हणायचा. तुम्हाला वाटतं मला त्यातलं काही कळायचं?

बायको : मुळीच नाही. घोरायचात तुम्ही. ते घरी येऊन नक्कल करून दाखवायचे.

जोडीदार : दोनदाच घोरलो. तेही रात्रपाळी करून गेलो होतो म्हणून.

बायको : मग जायचात कशाला?

जोडीदार : तुमची रविवारी ड्यूटी. पोरगी म्हणायची, बाबा तुमचं म्हाताऱ्यांचं म्युझिक मला नको. मग उरलो कोण? मी. पहिल्याच वेळी मी मध्येच विचारलं, ‘संपलं का रे?’ असा चिमटा काढला त्यानं, आठवडाभर दंड निळा होता. मग शिकलो. खोकला आला तरी गिळायचा. बाहेर पडलो की कोपऱ्यावर चहा. चहा पिताना विचारायचा, ‘कळलं का काही?’ मी म्हणायचो, ‘छान होतं.’ तर म्हणायचा, ‘छान होतं म्हणजे कळलं नाही. असू दे. कळेल.’ अकरा वर्षं, दर वेळी तेच. ‘असू दे, कळेल.’ कधी चिडला नाही.

बायको : त्या दिवसाचं सांगा.

जोडीदार : तेच सांगतोय. त्या दिवशी व्हायोलिन होतं. बाई वयस्कर, एवढ्याशा. पहिला तास नेहमीसारखाच गेला माझा. समोरच्याचं टक्कल बघितलं, छताचे पंखे मोजले. मग त्यांनी ते हळू वाजवायला घेतलं. एकच सूर धरला, लांब, आणि तो सोडेचनात. वहिनी, मी वीस वर्षं कान लावून आवाज ऐकतोय, पण ते बिघाड शोधायला. कुठं घासतंय, कुठं ढिलं झालंय. हा असा आवाज की त्यात बिघाडच नाही. माझ्या अंगावर काटा आला. डोळ्यांतून पाणी. माझ्या! आई गेली तेव्हा आलं नव्हतं.

बायको : आणि?

जोडीदार : आणि नेमकं तेव्हाच त्यानं माझं मनगट धरलं. कानाशी आला. बाहेर जाऊ म्हणाला.

बायको : तुम्ही काय केलंत?

जोडीदार : मला वाटलं... मला काही वाटलंच नाही.

बायको : भाऊजी, तुम्ही काय केलंत?

जोडीदार : तोंडावर बोट ठेवलं. श्श केलं त्याला.

बायको : किती वेळ चालू होतं ते?

जोडीदार : मी घड्याळ बघितलं नव्हतं. नंतर त्या हॉलवाल्याकडे जाऊन विचारलं, दोनदा विचारलं. तो म्हणाला, शेवटचा भाग पंचवीस मिनिटांचा.

बायको : पंचवीस मिनिटं तुम्ही मान वळवली नाहीत.

जोडीदार : एकदा वळवली, लगेचच. तो माझ्याकडेच बघत होता. हसला, वहिनी. माझे डोळे ओले दिसले असतील त्याला. मला राहून राहून वाटतं, त्याला बरं वाटलं असेल, की अकरा वर्षांनी का होईना—

बायको : थांबा.

जोडीदार : मी एवढंच म्हणतोय की—

बायको : त्या हसण्याचं मला सांगू नका. तुम्हाला रात्री झोप लागावी म्हणून ते हसले, असं मी समजायचं का? दुखत होतं त्यांना. ओठ ताणले जातात माणसाचे. मी रोज बघते. सुई टोचली की निम्मी माणसं हसतात.

जोडीदार : चुकलं माझं.

बायको : पुढे?

जोडीदार : टाळ्या सुरू झाल्या. लोक उठून उभे राहिले. मीपण उठलो, आणि त्याला सांगायला वळलो. ‘आज कळलं रे’ म्हणणार होतो. त्याची मान खाली गेलेली. आणि तरी माझ्या तोंडातून अर्धं बाहेर पडलंच. ‘आज कळ...’ एवढं. भोवती सगळी माणसं टाळ्या वाजवतायत आणि मी त्याला हलवतोय. कुणाला वाटलं झोपलाय. एक जण हसलासुद्धा.

बायको : अर्धा तास आधी आणलं असतं तर करता आलं असतं काहीतरी, म्हणाले डॉक्टर. मी विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

जोडीदार : मला शिव्या द्या. हाकलून द्या. पण उद्या तिथं उभं राहून ‘सुखानं गेला’ म्हणायला लावू नका. मला ते होणार नाही.

बायको : शिव्या कुठून देऊ? त्या दिवशी सकाळी निघताना ते डावा खांदा चोळत होते. म्हणाले, काल मोटर उचलली, तिथं भरून आलंय. मी डबा भरत होते. वळूनसुद्धा न बघता म्हटलं, ‘मग नका जाऊ आज.’ जाणार हे माहीत असताना म्हटलं. आणि मी कामावर गेले. चाळीस जणांचं रक्त काढलं त्या दिवशी. घरातल्या माणसाचं तीन वर्षांत काढलं नव्हतं. आज काढू, उद्या काढू.

जोडीदार : वहिनी, तुमचा काय दोष त्यात?

बायको : असं बोलू नका. तुम्हाला हलकं वाटावं म्हणून नाही सांगितलं मी. तुमचं तुमच्याकडे राहू दे, माझं माझ्याकडे.

मुलगी : आई, दार उघडंच टाकलंयस? काका! बरं झालं भेटलात, किती फोन केले तुम्हाला. ऐका, बाबांचा तोच हॉल दीड तास मिळालाय. आणि त्या व्हायोलिनवाल्या बाई येतायत! वाजवणार नाहीत, नुसत्या बसतील म्हणाल्या. तुम्ही सगळ्यात शेवटी बोलायचं, दहा मिनिटं. हा कार्डांचा गठ्ठा, शंभर आहेत. जिना चढून माझी तर वाट लागली.

बायको : त्या कार्डांवरची खालची ओळ काढावी लागेल.

मुलगी : आता? छापून झाली ना आई.

बायको : पेनानं खोडू. तिघं बसलो तर तासाभराचं काम आहे.

मुलगी : पण का? तीच तर ओळ मी... आई, माझ्याकडे तेवढंच आहे ग. झोप येत नाही तेव्हा मी तेच डोळ्यांसमोर आणते. बाबा डोळे मिटून ऐकतायत, आणि त्यांना काही कळलंच नाही.

बायको : तसं झालेलं नाही.

मुलगी : म्हणजे? काका, ही काय म्हणतेय?

जोडीदार : वहिनी, तिला कशाला आता? तुम्हीच नंतर केव्हातरी शांतपणे...

बायको : नाही. मला सांगून तुम्ही मोकळे होणार आणि तिला मी सांगायचं, हे चालणार नाही. सांगा तिला. माझ्यासमोर सांगा.

जोडीदार : पोरी... बाबानं मला बाहेर चल म्हटलं होतं. बाई वाजवत होत्या. मी त्याला गप्प केलं.

मुलगी : कधी?

जोडीदार : संपायच्या आधी. पंचवीस मिनिटं.

मुलगी : पंचवीस.

जोडीदार : हो.

मुलगी : नक्की काय म्हणाले बाबा?

जोडीदार : हेच. बाहेर जाऊ म्हणून.

मुलगी : तसं नाही. शब्द सांगा. त्यांच्या तोंडचे शब्द काय होते?

जोडीदार : आवाज अगदी बारीक होता, मला नीटसं...

मुलगी : काका.

जोडीदार : ‘हात दे रे जरा. मला एकट्याला उठवत नाहीये.’

बायको : हे मला नाही सांगितलंत तुम्ही.

जोडीदार : नाही सांगितलं. तोंडातून निघत नव्हतं.

मुलगी : म्हणजे ऐकू सगळं आलं होतं तुम्हाला.

जोडीदार : आलं होतं. आत शिरलं नाही. आत तेव्हा जागाच नव्हती.

मुलगी : बाबांचं शेवटचं वाक्य तीन आठवडे तुमच्याकडे होतं. आणि मी इकडे सुरांत काय मिसळलं ते लिहीत बसले.

बायको : पाणी आण जरा त्यांच्यासाठी.

मुलगी : मी नाही आणणार.

बायको : बरं. मी आणते.

जोडीदार : पाणी नको वहिनी. निघतो मी. उद्या मला धरू नका, मी येत नाही.

मुलगी : यायचं. बोलू नका हवं तर. पण न येता सुटायचं नाही तुम्ही.

जोडीदार : अगं पोरी, त्या हॉलमध्ये पाय ठेवला तरी... मला बसवणार नाही तिथं.

बायको : बसायचं, भाऊजी. आम्ही दोघी बसणारच आहोत की.