कडू घास

वल्लरी : काल तुम्ही डेरिकला काय म्हणालात, बाबा? सख्ख्या भावाला पुरून आला होता तो!

बाबा : पाठ थोपटली आणि म्हटलं, बी स्ट्रॉंग, आता घरातला मोठा पुरुष तूच. जावयाला धीर द्यायचा नाही का?

वल्लरी : हेच ऐकत वाढलाय हो तो! त्याची आई सांगायची, बाहेर आवाज चढवू नकोस, काळा मुलगा चिडला की लोक पोलिसांना फोन करतात. आणि रडला की पोरं जगू द्यायची नाहीत. मग उरलं काय? काहीही विचारा, 'आय ॲम गुड.'

बाबा : पण खंबीर आहे हं. डोळ्यांत टिपूस नाही.

वल्लरी : त्याचा भाऊ कॅल्विनही खंबीरच होता! छातीत दुखतंय हे बायकोलासुद्धा बोलला नाही, आणि गेला. आज सकाळी डेरिक छाती चोळत होता, मी पाहिलं. डॉक्टरकडे चल म्हटलं तर 'आय ॲम गुड', आणि ड्राइव्हवेवर गाडीत जाऊन बसलाय. मला भीती वाटतेय, बाबा.

बाबा : काही खाल्लं का त्याने?

वल्लरी : चर्चमधल्या बायकांनी फ्रिज भरून टाकलाय. शिवलासुद्धा नाही.

बाबा : असं नुसतं ठेवून कोण खातं? आपल्याकडे कोणी गेलं की शेजारी पिठलं-भात आणतात, समोर बसून खायला लावतात. कडू घास. बेसन कुठंय?

वल्लरी : तुम्हाला चहा धड जमत नाही!

बाबा : तू मिरच्या काढ.

(ड्राइव्हवेवर. गाडीचं दार उघडतं.)

बाबा : मी बसतो रे शेजारी. हे घे, पिठलं.

डेरिक : आय ॲम गुड, बाबा. भूक नाही.

बाबा : भूक कोणी विचारली? आ कर. हं... आणि काल मी बोललो ना, बी स्ट्रॉंग, ते विसर. वल्लरीची आई गेली तेव्हा मलाही सगळे तेच म्हणाले. फार जड गेलं बघ.

(डेरिक पुढचा घास स्वतःच घेतो.)

बाबा : अरे अरे, डोळ्यांतून पाणी! मिरच्या जास्त पडल्या मेल्या. थांब, पाणी आणतो.

डेरिक : नको. बाबा, जाऊ नका.

बाबा : तिखट लागलं ना?

डेरिक : तिखट नाही. छातीत दुखतं, कालपासून. आणि मला... मला कॅल्विन पाहिजे, बाबा.

बाबा : वल्लरी! किल्ली आण गं, डॉक्टरकडे जायचंय! ...नाही, डोळे पुसू नकोस. तू रड. गाडी ती चालवेल.