न झालेली चाचणी

काका : पाणी पुसून झालं मॅडम, सर्व्हरखालचंसुद्धा. आता पुसायचं काही राहिलं नाही.

मॅडम : बसा काका. उभं राहून काही होणार नाहीये.

काका : नियामक कार्यालयाचे तपासनीस पलीकडे चहा घेतायत. दहा मिनिटं म्हणाले. मग ही कॉपीच्या चाचणीची नोंदवही मागतील.

मॅडम : हो.

काका : तुम्ही बोला ना काहीतरी. रागवा तरी. कालपासून नुसतं हो नि नाही.

मॅडम : राग वर येतच नाहीये. एसीचं पाणी सर्व्हरवर पडलं आणि लॅबचे आठ महिन्यांचे रिपोर्ट गेले. एवढं कळतं. पुढे डोकं चालत नाही.

काका : पण रोज रिपोर्टांची कॉपी निघत होती हो. सकाळी आल्या आल्या, पिशवी खाली ठेवायच्या आधी मी स्क्रीन बघायचो. हिरवी खूण. एक दिवस चुकवला नाही.

मॅडम : जुन्या सर्व्हरची निघत होती. आपण नव्यावर आलो आणि कॉपीच्या प्रोग्रॅमला तसं सांगायचं राहिलं. आठ महिने तुम्ही रिकाम्या घराची राखण केलीत.

काका : कुणाकडून राहिलं?

मॅडम : माझ्याकडून. सातवा महिना होता, पाय सुजलेले, कधी एकदा घरी जाते असं झालं होतं. उद्या करू म्हटलं.

काका : होतं असं.

मॅडम : होतं. म्हणून तर कॉपीची चाचणी ठेवलीय. सहा महिन्यांनी एकदा कॉपी दुसऱ्या मशीनवर उतरवायची आणि चार रिपोर्ट उघडून बघायचे. दोन माणसं हजर, दोघांच्या सह्या. एकदा उतरवली असती तर माझी चूक त्याच दिवशी सापडली असती.

काका : हं.

मॅडम : वहीत मात्र झालीय. सहा महिन्यांपूर्वी, चौदा तारखेला, सव्वाअकरा वाजता. एक सही तुमची, एक माझी.

काका : मॅडम...

मॅडम : चौदा तारखेला मी कुठे होते?

काका : दवाखान्यात.

मॅडम : अकराला मुलगी झाली. सव्वाअकराला टाके घालत होते मला.

काका : संध्याकाळी आलो होतो मी बघायला. मुठी गच्च मिटून झोपली होती. मोठे साहेब आदल्याच दिवशी म्हणाले होते, कागद पूर्ण पाहिजेत. दुसरं माणूस कुठून आणू? आणि म्हटलं, तुम्ही रजेवरून परत याल, तुमच्या नावापुढे रकाना कोरा दिसला तर हेच लोक तुम्हाला बोल लावतील. वीस वर्षांत कुणाची पाहिली नाही इतक्या वेळा तुमची सही पाहिलीय. जमून गेली.

मॅडम : छान जमलीय. मलाच क्षणभर माझी वाटली.

काका : एक मागतो. महिनाअखेर मी निवृत्त होतोय. तेवढं म्हणा, की ती सही तुम्हीच केलीत. तुम्ही तरुण आहात, शिकलेल्या आहात, निभावून न्याल. मला या वयात दाराबाहेर काढलं तर घरी काय सांगू?

मॅडम : सकाळी त्या पेशंट बाईंचा फोन तुम्हीच घेतलात ना?

काका : हो. गुरुवारी ऑपरेशन आहे. डॉक्टरांना मागचे तीन रिपोर्ट पाहिजेत. रक्तातला आकडा चढतोय का उतरतोय, ते बघायला.

मॅडम : काय सांगितलंत?

काका : शोधतो म्हणालो.

मॅडम : त्या वाट बघत बसल्या असतील.

काका : असतील.

मॅडम : काका, तो दिवस मला धड आठवतही नाही. थोडा दिव्याचा उजेड, थोडा तिचा आवाज, कुणीतरी कपाळ पुसलं. एवढाच आहे माझ्याकडे. त्यातल्या सव्वाअकराला मी या खोलीत बसले होते असं सांगू?

काका : नका सांगू.

(दारावर टकटक. तपासनीस आत येतात.)

तपासनीस : बसून घ्या. चाचणीची नोंदवही हीच? बरं. चौदा तारीख. दोघे हजर होता?

मॅडम : कुणीच नव्हतं. चाचणी झालीच नाही. आणि नव्या सर्व्हरची कॉपी लावायची राहिली, ती चूक माझी.

तपासनीस : ते वेगळं लिहू. ही सही?

मॅडम : माझी नाही.

तपासनीस : मग कुणाची?



काका : त्यांना नका विचारू साहेब. मी केली. दोन्ही मीच केल्या.

तपासनीस : का?

काका : रकाना भरायचा होता.

तपासनीस : हम्म. दर तिसऱ्या ठिकाणी हेच ऐकतो. कोरा कागद घ्या. घडलं तसं, आपापल्या अक्षरात दोघांनी लिहून द्या. मी बाहेर थांबतो. आणि गुरुवारच्या आत ज्यांना रिपोर्ट लागणार आहेत, त्यांची यादी मला आजच हवी.

मॅडम : पहिलं नाव माहीत आहे. त्यांना आत्ता फोन करते. पुन्हा रक्त द्यायला आजच बोलावते, आणि मागचे सापडणार नाहीत हेही सांगते.

काका : मी बोलू का त्यांच्याशी? शोधतो असं मी म्हणालो होतो.

मॅडम : बोला. आधी हे लिहा.

काका : वर तारीख कुठली घालू?

मॅडम : आजची.