अशी कोणी इथे राहत नाही

नाव ओळखपत्राप्रमाणे. वय ३६ वर्षे, धंदा लिफ्टदुरुस्ती. राहणार तिसऱ्या मजल्यावर, त्याच इमारतीत, जिथे मी राहत नाही असे सर्वांचे म्हणणे आहे.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी लग्न झाल्यापासून पती, मुलगी व सासूबाई यांच्यासह राहते. आजवर मी ठेकेदाराकडे काम केले. त्याने बोलावले तर काम, नाहीतर घरी बसायचे. आता मला रुग्णालयात लिफ्टच्या देखभालीची कायम नोकरी लागली असून उद्या हजर व्हायचे आहे. ही नोकरी मला हवी म्हणजे हवीच आहे. माझी माहिती पडताळण्याचे काम रुग्णालयाने एका एजन्सीला दिले होते.

आज सकाळी रुग्णालयातून फोन आला की, तुमचा पत्ता खोटा निघाला, शेजारी तुम्हाला ओळखत नाहीत, आजच्या आज खुलासा झाला नाही तर नेमणूक रद्द होईल. त्या वेळी मी एका लिफ्टच्या टपावर बसले होते. हसावे की रडावे कळेना. मी एजन्सीला फोन करून माणूस पुन्हा पाठवायला सांगितले. घरी कळवायचे मात्र कामाच्या गडबडीत राहून गेले.

आमच्या इमारतीत एक रिवाज आहे. तळमजल्यावरच्या शिंपीकाकांच्या मुलीची पूर्वी एक माणूस चौकशी करून गेला. ती कुठे जाते, कधी येते, सगळे शेजाऱ्यांनी भाबडेपणाने सांगितले. तो तिच्या मागावर असलेला निघाला. पोरीला नोकरी बदलावी लागली. तेव्हापासून अनोळखी माणसाने कुठल्याही बाईबद्दल विचारले की इमारतीचे एकच उत्तर असते, अशी कोणी इथे राहत नाही. हे कोणी ठरवले नाही, आपोआप ठरले.

पडताळणीवाला गेल्या आठवड्यात प्रथम आला, तेव्हा शिंपीकाका माझीच कामाची पँट शिवत होते. हे नाव आपण जन्मात ऐकले नाही, असे त्यांनी सांगितले. माझे बूट दारात असताना सासूबाईंनी, "या घरात बाई म्हणजे मी एकटीच," असे सांगून त्यास पाणी दिले. दोघांनीही याबाबत माझ्याजवळ चकार शब्द काढला नाही. मला उगाच घोर नको, असे त्यांचे म्हणणे.

आज दुपारी तो पुन्हा आला. पुन्हा आला म्हणजे नक्कीच काहीतरी काळंबेरं, असे समजून शिंपीकाकांनी त्यास गप्पांत गुंतवले आणि सासूबाईंनी इमारतीच्या बाहेरच्या दाराला कुलूप घालून पोलिसांना फोन केला. पोलिसांनी तिघांना ठाण्यात आणले व मला बोलावून घेतले. मी ठाण्यात आले तेव्हा तो बाकावर घाम पुसत बसला होता. माझी त्याच्याविरुद्ध काही तक्रार नाही. बिचाऱ्याला फुकटचे हेलपाटे पडले.

हवालदारसाहेबांनी सासूबाईंना विचारले, "मावशी, आता खरं सांगा, या बाईंना ओळखता?"

सासूबाईंनी मला विचारले, "सांगू का गं?"

मी हो म्हटल्यावर त्या सुरू झाल्या त्या थांबेनात. "ही माझी सून. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं बाहेर काढते. कितीही दमून आली तरी आधी माझ्या गुडघ्याची चौकशी करते. स्वयंपाक यथातथाच. पण कुठेही लिफ्टमध्ये चढले की मी सोबतच्या लोकांना सांगते, माझी सून हे दुरुस्त करते. हिच्या तोंडावर कधी बोलले नाही. डोक्यावर बसली असती."

हे मला आजवर माहीत नव्हते. मला पाणी देण्यात आले.

पडताळणीवाल्याने इथेच बसून अहवाल दुरुस्त केला आणि रुग्णालयाला फोन लावला. सकाळी वेळेवर या, एवढेच तिकडून सांगण्यात आले. मला अतिशय आनंद झाला आहे. शिंपीकाकांना त्याहून जास्त झालेला दिसतो, ते ठाण्यातल्या सगळ्यांना चहा पाजत आहेत.

जबाब मला वाचून दाखवला, तो सासूबाईंनीही ऐकला. "स्वयंपाकाचं राहू द्या, कौतुकाचं तेवढं खोडा," असे त्यांनी साहेबांना सांगितले. मी खोडू दिले नाही. स्वयंपाकाचे वाक्य सोडून वरील सर्व मजकूर खरा आहे.