रुमालांखालचं कबुतर

जादूचा विषय काढलात म्हणून सांगते. आमचे भिसेगावचे मामा लग्नांत जादूचे खेळ करायचे. रिकाम्या मुठीतून रेशमी रुमाल काढायचे, तांबडे, हिरवे, पिवळे. लोक ते बघण्यात गुंग असतानाच कोटाच्या आतल्या खिशातलं पांढरं कबुतर हळूच रुमालांच्या ढिगात सरकवायचे. मग रुमाल झटकले, की कबुतर भुर्रकन उडून थेट मामींच्या खांद्यावर! मामींना मूलबाळ नव्हतं. पिल्लू असल्यापासून त्यांनीच ते हाताने दाणे भरवून वाढवलं होतं.

कोंडाण्याच्या एका लग्नात वऱ्हाडाच्या बैलगाड्यांना उशीर झाला. आत कबुतर, म्हणून मामांना कोट काढता येईना. भर वैशाखात ते तसेच ताटकळले. शेवटी खेळ सुरू झाला. रुमाल निघाले, मामांचा हात कोटात गेला आणि तिथंच थांबला. मग ते नुसते रुमालच काढत राहिले.

"आवो, कबुतर काढा की!" लोक ओरडले.

माझ्या शेजारी बसलेल्या मामी उठल्या. मामांसमोर जाऊन त्यांनी पदर पसरला.

"द्या माज्याकडं."

मामांनी ते निपचित कबुतर रुमालांत गुंडाळून पदरात ठेवलं. मांडवात टाळ्या पडल्या. लोकांना हाही खेळच वाटला.

घरी येताना मामा म्हणाले, "दुसरं आनू गं."

"नको," मामी म्हणाल्या. "माज्याच्यानं आता परत नाय व्हायचं."