उपाशीपोटी

चिखलीच्या एका लॅबमध्ये रिपोर्टची वाट पाहत बसलो होतो. मागच्या बाकावर उंद्रीच्या एक वयस्कर बाई आणि जानेफळची एक तरुण सून. ओळख तिथंच झालेली.

"तुलेबी थायरॉईड हाय का वं?"

"हो ना, मावशी. डॉक्टर म्हणे, आपलंच आंग आपल्या गळ्यातल्या थायरॉईडवर उठते. मांगच्या खेपीले आकडा डबल आला. आज काय येते, देव जाणे."

"खाण्यात काही येत असन."

"पत्ताकोबी सोडली. वावरात सोयाबीन हाय, पण त्याची वडी तोंडात घालत नाही. मोबाईलवर पाहून गव्हाची पोळी बंद केली. रोज सकाळी फिराले जातो."

"मंग काऊन वाढून राह्यला?"

"तेच तं समजत नाही. तिसरा महिना चालू हाय, मावशी. पयलं चौथ्यात गेलं."

"भिऊ नको. गोळी घेतं ना बराबर?"

"घेत होती ना. डॉक्टरनं बजावलं होतं, गोळी उपाशीपोटीच घ्याची. म्हणून सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकबी उपास चुकवला नाही."

"अन् बाकीच्या दिवशी?"

"बाकीच्या दिवशी उपास कुठं असते?"

"अन् आता?"

"आता तं सासूबाईनं सारेच उपास सोडाले लावले. पोटात लेकरू हाय म्हणे."

"मंग गोळी?"

"उपासच नाही, तं गोळी कशी घेऊ?"

"ऊठ, बाई. रिपोर्ट राहू दे. अगुदर डॉक्टरकडे चाल."