खिशात न मावणारा फोन

मागं उभे आहेत त्यांनी पुढं या. सतरंजीवर जागा आहे. ताई, तुम्ही पण बसा. गंगाधरअण्णांच्या नावानं आलेली माणसं उभी राहू नयेत.

मंडळी, मी सलीम. बसस्टँडसमोर माझं मोबाईलचं दुकान आहे, ते तुम्हाला ठाऊक आहे. दुकानात मी दिवसभर बोलतो, पण ते विकायचं बोलणं. असं चार माणसांत उभं राहून मेलेल्या माणसाबद्दल बोलायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. काल सरपंच म्हणाले, "सलीम, तुझा लई घरोबा होता, दोन चांगले शब्द बोल." मी हाव म्हणालो. सकाळपासून शोधतोय. चांगले सापडले नाहीत. जे सापडले ते बोलतो. कडू लागले तर लागू द्या.

माझ्या आधी जे बोलले, त्यांनी सांगितलं की अण्णांची वेळ आली होती. विहिरीचं काम, जोखमीचं काम. नशिबात होतं.

मला हे मान्य नाही, मंडळी. बत्तीस वर्षं हा माणूस विहिरीत उतरला. उमरीच्या आसपास अशी विहीर नसेल, जिची मोटार अण्णांनी वर काढली नाही. तुमच्यातल्या किती जणांचं पाणी त्यांनी चालू करून दिलं? हात वर करायला लावत नाही. इथं बसलेल्या प्रत्येकाचा हात वर जाईल. बत्तीस वर्षं नशीब नीट होतं, आणि एकदम या वर्षी फिरलं? असं होत नाही. मधे काहीतरी झालं. ते मला माहीत आहे, कारण ते माझ्या दुकानात झालं.

अण्णांचा डावा हात तुम्ही पाहिलाय. दोन बोटं नव्हती. कप्पीत गेली होती, मी शाळेत होतो तेव्हा. म्हणून त्यांचं सगळं उजव्या हातावर. फोनसुद्धा. त्यांचा एक लहान फोन होता. स्मार्टफोनच, पण लहान. तळहातात मावायचा. दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर लावून शर्टाच्या खिशात ठेवायचे. शेतकरी स्टार्टरचे फोटो पाठवायचे, अण्णा त्याच हातात फोन धरायचे, त्याच हाताच्या अंगठ्यानं फोटो मोठा करायचे आणि सांगायचे, "फेज गेलाय, मोटार ठीक हाय. मला बोलवू नका."

त्यांना मी एकदा विचारलं होतं, "अण्णा, एवढासा फोन, दिसतं का तुम्हाला?"

मला म्हणाले, "दिसायचं राहू दे. अंगठा सगळीकडं पोचतो, एवढं बास."

आणि दोन वर्षांमागं काय झालं होतं, ते पण सांगतो. अण्णा एका पडक्या विहिरीत उतरले आणि शिडीचा दांडा मोडला. खाली अडकले. एका हातानं दगडाला धरलेलं, दुसऱ्या हातानं खिशातला फोन काढला आणि मला लावला. "सलीम, दोर घेऊन ये. घाई नाही, पण ये." मी दोर घेऊन गेलो, दोघांनी ओढून वर काढलं. वर आल्यावर चहा मागितला.

हे मला ठाऊक होतं, मंडळी. दुसऱ्या कुणाला नसेल. मला ठाऊक होतं.

आता दिवाळीचं सांगतो. सुरेखाताई, तुम्ही समोर बसलात. तुमच्या शेजारी जावईबापू. तुम्हाला लागेल असं मी बोलणार आहे, पण सगळ्यात जास्त मी मलाच बोलणार आहे, तेवढं ऐकून घ्या.

ताई लातूरहून दिवाळीला आल्या होत्या. बापाला घेऊन दुकानात आल्या. म्हणाल्या, "सलीमभाई, बाबांना मोठा फोन दाखवा. व्हिडिओवर यांना माझी पोरगी दिसत नाही. डोळ्याला लावून बघतात."

खोटं नव्हतं ते. अण्णांची नजर कमी झाली होती. लेकीला वाटलं, बापानं आपल्याला नीट बघावं. यात वाईट काय?

मी काउंटरवर मोठमोठे फोन मांडले. जावईबापूंनी त्यातला सगळ्यात मोठा उचलला. अण्णा बाजूला उभे होते. म्हणाले, "ही पाटी मी कुठं ठिवू? माझा हाय तो काय वाईट हाय?"

जावईबापू म्हणाले, "मामा, आता कुणी असला वापरत नाही. लोक काय म्हणतील, लेकीनं काही केलं नाही."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटतं, त्यांना वाटलं असेल, सलीम बोलेल. सलीमला विहिरीचं माहीत आहे.

आणि सलीम काय बोलला? सलीम म्हणाला, "अण्णा, सवय होऊन जाते. चार दिवसांत तुम्हीच म्हणाल, लहान कसा वापरत होतो."

गिऱ्हाईक समोर होतं. माल विकायचा होता. एवढंच. दुसरं काही कारण असेल म्हणून मी लई शोधलं. नाही सापडलं.

अण्णांनी मोठा फोन हातात घेतला. अंगठा ताणून वरच्या कोपऱ्यापर्यंत न्यायला गेले. निम्म्यावर राहिला. आम्ही तिघं हसलो. अण्णा पण हसले, पण उशिरा. लहान फोन मी बदल्यात ठेवून घेतला. आठ दिवसांत कॉलेजच्या एका मुलीला विकून टाकला.

मग काय काय झालं, ते तुम्ही पाहिलंय. पाहिलंय की नाही? बाजारात अण्णा दिसले की कुणीतरी ओरडायचं, "अण्णा, टीव्ही घेऊन फिरून राहिले का?" शर्टाच्या खिशात तो फोन निम्मा बाहेर राहायचा. वाकले की पडायचा. एकदा विहिरीच्या पायरीवर पडून कोपरा फुटला. दोन हातांशिवाय तो चालवता येत नव्हता, आणि अण्णांनी दोन हात कुठून आणायचे?

अण्णा माझ्याकडं तीनदा आले.

पहिल्यांदा म्हणाले, "सलीम, माझा जुना दे." मी म्हणालो, विकला.

दुसऱ्यांदा म्हणाले, "तसलाच दुसरा बघ." मी म्हणालो, "अण्णा, आता लहान फोन कंपन्या काढतच नाहीत. बटणाचा देऊ का?" म्हणाले, "त्यात फोटो दिसंल का स्टार्टरचा?" नसता दिसला. मग मी कमरेला बांधायचा एक पाऊच दिला. फुकट दिला, आणि मोठं काम केल्यासारखा खूश झालो. तो पाऊच उतरताना दगडाला अडकायचा. अण्णांनी चार दिवसांत सोडून दिला.

तिसऱ्यांदा आले तेव्हा दुकानात गर्दी होती. बाकावर बसून राहिले. गर्दी हटल्यावर म्हणाले, "सलीम, फोन माझा हाय. मग मला सोडून सगळ्यांला कसा पसंत पडला?"

मी म्हणालो, "नांदेडला गेलो की जुन्या मालात बघतो."

मंडळी, त्यानंतर मी नांदेडला चार वेळा गेलो. एकदाही बघितलं नाही. विसरलो म्हणणार होतो. पण विसरलो नव्हतो. कंटाळा केला.

मग अण्णांनी त्यांच्यापुरती सोय केली. उतरायच्या आधी फोन अवजारांच्या पिशवीत टाकायचा आणि पिशवी कठड्यावर ठेवायची.

त्या दिवशी तसंच केलं. गव्हाला शेवटचं पाणी होतं आणि मोटार पाणी उचलत नव्हती. शेतमालक नांदेडला गेला होता. अण्णांचा जोडीदार बालाजी हिमायतनगरला बहिणीच्या लग्नात. बालाजी, मान खाली घालू नको, बहिणीचं लग्न होतं. अण्णा घरी मुक्ताकाकूंना म्हणाले, "उतरून नुसतं बघतो, काढायचं उद्या बालाजी आल्यावर." साडेअकराला विहिरीवर गेले. पायरीचा दगड सुटला. खाली पाण्याच्या वर एक कपार आहे, तिच्यावर आपटले. मांडी मोडली. पोटाला मार बसला.

आणि फोन वर, कठड्यावर.

बाराच्या सुमारास पहिला फोन आला. काकूंचा, जेवायला कधी येता म्हणून. मग शेतमालकाचा, नांदेडहून. मग सुरेखाताईंचा व्हिडिओ. दोनदा. मग माझा.

हाव, माझा. माझ्या घरची मोटार बंद पडली होती. मी तीनदा लावला. तिसऱ्यांदा उचलला नाही तेव्हा दुकानातल्या गिऱ्हाईकाला मी म्हणालो, "एवढा मोठा फोन लेकीनं घेऊन दिला, आणि माणूस उचलत नाही." गिऱ्हाईक हसलं. मी पण हसलो.

पाच वाजता शेजारच्या शिवारात गवत कापणाऱ्या कौसाबाईंना फोन वाजताना ऐकू आला. कुणी उचलत का नाही, म्हणून त्या कठड्याजवळ आल्या आणि खाली वाकून पाहिलं. कौसाबाई इथं आल्यात. त्यांना माझा सलाम.

परवा कुणीतरी मला म्हणालं, "बघ, शेवटी त्या मोठ्या फोननंच शोधून दिलं. आवाज मोठा म्हणून." अहो, साडेअकरा ते पाच. खिशात असता तर अण्णांनी साडेअकरालाच लावला असता. मला लावला असता. मागच्यासारखंच म्हणाले असते, दोर घेऊन ये. मी दहा मिनिटांच्या वाटेवर होतो.

नांदेडच्या दवाखान्यात डॉक्टर मला म्हणाले, "पोटात रक्त साचलंय. दुपारीच आणलं असतं तर..." चांगला माणूस. ते वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णा शुद्धीवर होते. मी आत गेलो. मला बघून म्हणाले, "वाजत व्हता रे, सलीम. सारखा वाजून राहिला व्हता. मी खालून ओरडायचो, आलो, आलो."

आलो, आलो. फोनला सांगत होते, मंडळी. विहिरीच्या तळातून.

मी त्यांचे पाय धरले. म्हणालो, "अण्णा, चूक माझी. मला माफ करा."

त्यांनी माफ केलं, असं मी तुम्हाला सांगितलं तर बरं वाटेल. तुम्हालाही आणि मलाही. पण त्यांनी केलं नाही. नाही पण म्हणाले नाहीत. माझ्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "मुक्ता बाहीर बसली असंल. कालपासून उपाशी हाय. तिला काहीतरी खाऊ घाल." मी काकूंना घेऊन खाली कँटीनला गेलो. काकूंनी अर्धी पोळी खाल्ली. परत वर आलो तर अण्णा झोपले होते. त्यानंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. कुणाशीच बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गेले.

चार दिवसांमागं मी त्या कॉलेजच्या मुलीला शोधून काढलं. म्हणालो, तो लहान फोन मला परत दे, त्याच्या बदल्यात चांगला मोठा देतो. मला काय करायचं होतं त्या फोनचं, मलाच माहीत नाही. काकूंना द्यायचा, की कपाटात ठेवायचा. ती मुलगी म्हणाली, "नको काका. माझ्या हाताला हाच बरा हाय." मी परत आलो. तिला काय बोलणार? अण्णा तरी दुसरं काय म्हणत होते?

सुरेखाताई, तुम्ही रडू नका. नाही, रडा, मी कोण सांगणारा. तुम्ही बापाचं भलं बघायला गेलात. जावईबापूंनी लोकांचं तोंड बघितलं. मी गल्ला बघितला. आणि ज्याच्या हातात तो फोन राहणार होता, त्याचा हात कुणीच बघितला नाही. दोन बोटं नसलेला हात, रोज समोर दिसणारा.

आपल्याला वाटतं, साधी गोष्ट आहे. कुणाला मोठा आवडतो, कुणाला लहान. आवडीचा प्रश्न. मग ती आवड त्या माणसाची त्याच्याकडं का राहू दिली नाही आपण? नको म्हणणारा माणूस समोर उभा होता. साफ मराठीत नको म्हणत होता. त्याला आपण अडाणी समजलो. विहिरीतलं आपल्याला काय कळत होतं? आपण कधी उतरलो होतो?

आता बाहेर फाटकाला अण्णांचा एवढा मोठा बॅनर लावलाय. मी पण त्यात वर्गणी दिली, माझं पण नाव खाली आहे. येताना वाचलं. "मनमिळाऊ, हसतमुख." ते हसतमुख नव्हते, मंडळी. ते कामात असायचे. आपण त्यांच्यावर हसायचो, म्हणून आपल्याला तसं आठवतं.

मी लई बोललो. सरपंच, तुम्ही दोन शब्द सांगितले होते, माफ करा.

अण्णा, हा सलीम तुमच्यासमोर मान खाली घालून उभा आहे. तुमची माफी पुन्हा मागत नाही. ती द्यायला आता तुम्ही नाही, आणि दुसऱ्या कुणाकडून मी ती घेणार नाही. माझा शेवटचा सलाम घ्या. घ्यावासा वाटला तर.

आता सगळे उभे राहूया. काकू, तुम्ही बसूनच राहा. किती वेळ उभं राहायचं, ते मी घड्याळ बघून सांगणार नाही. काकू मान वर करतील, तोवर कुणी हलायचं नाही. कुणी बोलायचं नाही.